शंकरपाळ्यांच्या तेलातलं बेअरिंग

वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला तेव्हाही जमलं नाही आणि आता तर विचारूच नका. अक्षर असं आहे की मी भाजीची चिठ्ठी लिहून दिली तर आमचे हे दुकानातून तिचा फोटो काढून मलाच पाठवतात, हे काय लिहिलंयस म्हणून. चौथीनंतर पेन हातात घेतलं ते कॅलेंडरवर गॅस कधी लावला ते लिहायला, नाहीतर सही करायला. तरी आज एवढे कागद घेऊन बसले आहे, कारण शैलाताईंच्या भावाने, सांगलीच्या अशोकदादांनी, फोनवर विचारलं, "वहिनी, आमची ताई तिकडे कशी होती हो? आम्हाला ती फक्त सुट्टीतली माहीत." मी "चांगल्या होत्या" एवढंच म्हटलं आणि गप्प झाले. मला बोलणं सुचत नाही. कुणी नुसतं "कशा आहात" विचारलं तरी मी आधी पदर सारखा करते आणि मग उत्तर शोधते, तोवर विचारणारा निघून जातो. म्हणून लिहून बघते. कुणाला दाखवीन न दाखवीन.

ताई गेल्याचं मला गाडीतच कळलं. शुक्रवार होता. डबे पोचवून झाले की टाइल्सच्या फॅक्टरीजवळ एका भिंतीच्या सावलीत गाडी उभी करायची आणि ताईंना सांगलीला फोन लावायचा, हे दर शुक्रवारचं ठरलेलं. त्या फोन उचलून फक्त "हं, ऐकव" म्हणायच्या. मग मी गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून फोन गिअरच्या दांड्याजवळ धरायची. क्लच दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. मग फोन कानाला लावला की ताई म्हणायच्या, "पास." त्यानंतर आमच्या गप्पा. त्या दिवशी फोन उचलला गेला, "हं" काही ऐकू आलं नाही, पण मला वाटलं लाइन खराब असेल. मी नेहमीसारखा फोन दांड्याजवळ धरला. क्लच दाबला, सोडला. चांगला वेळ घेऊन ऐकवलं. मग विचारलं, "काय ताई, पास ना?" पलीकडून पुरुषाचा आवाज आला. "वहिनी, मी अशोक बोलतोय. ताई गेली. काल दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही..." मग म्हणाले, "तुम्ही हा कसला आवाज ऐकवत होता?"

ते सगळं सांगायचं तर गिअरबॉक्सपासूनच सांगावं लागेल.

दुबईच्या पुढे, रास अल खैमाला आम्ही एका जुन्या व्हिलात राहतो. मोठं अंगण, चहूबाजूंनी भिंत, मध्ये एक बदामाचं झाड, आणि एकेका खोलीत एकेक कुटुंब. शैलाताई मागच्या खोलीत एकट्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही ते मी कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. टाइल्सच्या फॅक्टरीत त्या स्टोअरकीपर होत्या. मशीनला लागणारे सुटे भाग, पट्टे, ऑइल सील आणि बेअरिंगं, ही त्यांची दुनिया. माणसांची नावं विसरायच्या, पण बेअरिंगचा नंबर एकदा ऐकला की विसरत नसत. त्यांचं बोलणंही स्टोअरचंच. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणायच्या, "मंदा, दोन चमचे साखर इश्यू कर." मी म्हणायची, "स्लिप आणलीत का?" "सायबाची सही राहिलीय गं." "मग उद्या या." असं चेष्टेने बोलायला मला जगात एकच माणूस होतं.

मी डबे करते. सिमेंट आणि टाइल्सच्या कारखान्यांत आपली पुष्कळ माणसं आहेत, घर गावाला ठेवून आलेली. पोळ्या, भाजी, आमटी, भात. डबे पोचवायचं काम ताईंचं, दुपारच्या सुट्टीत घरी येऊन, त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीतून. मी शेजारच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसायची. गाडी थांबली की खाली मान घालून डबा द्यायचा, रिकामा घ्यायचा आणि आत येऊन दार लावायचं. पैशाचं बोलणं ताई करायच्या.

ताईंना साठ पूर्ण झाली आणि कंपनीने सांगितलं, व्हिसा पुढे वाढणार नाही. मार्चमध्ये त्यांना कायमचं सांगलीला जायचं होतं. त्या गेल्या की डबे कोण पोचवणार? आमचे हे कंपनीची बस चालवतात, पहाटे जातात ते संध्याकाळी येतात. डबे बंद झाले तर ह्यांच्या एकट्याच्या पगारात खोलीचं भाडं निघत नाही. तेव्हा आम्ही दोघांनी बोलून ठेवलं होतं की मी कणकवलीकडे सासरी जायचं आणि ह्यांनी कामगारांच्या कॅम्पात एक पलंग घेऊन राहायचं. आम्हाला मूलबाळ नाही. दोघं एका छपराखाली आहोत, एवढंच आमचं घर. ते मोडायची वेळ आली होती.

ताईंचं म्हणणं वेगळं. "तुझ्याकडे लायसन्स आहे. गाडी तुला देऊन जाते. चालव." लायसन्स होतं खरं, त्यांनीच मागे लागून काढायला लावलं होतं. किती वेळा नापास झाले ते लिहीत नाही. पण ते मिळाल्यापासून मी एकदाही स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आणि तेवढ्यात, डिसेंबरात, गाडीलाच आवाज सुरू झाला. उभ्या गाडीत घुर्रर्र, जसा घरघंटीत खडा गेल्यावर येतो. क्लच दाबला की बंद, सोडला की पुन्हा. ताईंनी तीन-चारदा दाबून सोडून पाहिलं आणि म्हणाल्या, "इनपुट शाफ्टचं बेअरिंग गेलं."

गॅरेजमधल्या उस्तादाने बॉनेट न उघडताच निकाल दिला. "बहनजी, गिअरबॉक्स खलास. दूसरा डालो. बाईस सौ दिरहम." ताई तिथेच मोठ्याने म्हणाल्या, "म्हणजे पन्नास हजार रुपये! एका बेअरिंगसाठी?" उस्ताद म्हणाला, "तो खुद खोल लो." तो चेष्टेने म्हणाला. ताईंनी मनावर घेतलं.

आम्ही घरी आलो. मग अंगणात गाडी लावून, इंजिन बंद न करता म्हणाल्या, "मंदा, इतकी वर्षं मी बेअरिंगं दिली. हजारो दिली असतील. फिटर खिडकीशी येतो, स्लिप देतो, मी माल देते, तो जातो, मी खिडकी लावते. ते कुठे बसतं, कसं बसतं, मी एकदाही बघितलेलं नाही. जाण्याआधी एक तरी बसवून बघायचंय मला." मी म्हटलं, "ताई, गाडी मोडली तर?" "मोडलेलीच आहे. आणखी काय मोडणार?" आमच्या ह्यांना कळलं तेव्हा ते हसत सुटले. "दोघींनी मिळून आधी कुकरची रिंग बदलून दाखवा." ताई म्हणाल्या, "तुमच्या बायकोने ती कधीच बदलली. तुम्हाला कळलं नाही, कारण भात वेळेवर मिळाला."

त्यानंतर महिनाभर ताई तयारी करत होत्या. फॅक्टरीतल्या केरळच्या फिटरला चहा पाजून एकेक गोष्ट विचारून घ्यायच्या. त्यानेच गाडी टेकवायचे स्टँड आणि बेअरिंग ओढायचा पुलर दिला, आणि बजावलं, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली जायचं नाही. फोनवर व्हिडिओ बघायच्या. त्यातला माणूस कुठल्या भाषेत बोलायचा देव जाणे, पण हात नीट दिसायचे. बेअरिंगं मात्र त्यांनी स्वतः जाऊन आणली. मीना बाजारात ब्लाऊजपीस बघायला चला म्हणून मला दुबईला नेलं, ब्लाऊजपीस दोन मिनिटांत घेतले आणि मग अब्रात, म्हणजे खाडीतल्या होडीत, बसून खाडीपलीकडच्या बेअरिंगच्या दुकानात. तिथे त्यांचा चेहरा असा उजळला, जसा बायकांचा सोन्याच्या दुकानात उजळतो. तीनशे चाळीस दिरहम झाले. परत येताना अब्रात मांडीवर पुडी धरून बसल्या होत्या. मी हळूच विचारलं, "ताई, तुमच्या स्टोअरमध्ये ह्याच नंबरची असतील ना?" "असतील ना. म्हणूनच तिथली नाहीत." मी म्हटलं, "पैसे मात्र माझे. डबे माझे, गाडी माझ्यासाठी." त्या म्हणाल्या, "बघू. बिल अजून पास व्हायचंय."

जानेवारीतल्या एका शनिवारी, दुपारचे डबे देऊन आल्यावर आम्ही कामाला लागलो. हवा छान होती. ताईंनी आमच्या ह्यांचा जुना बॉयलर सूट पाय दुमडून घातला. मी गाऊनवर ह्यांचा शर्ट आणि डोक्याला ओढणी. बाकीच्या खोल्यांतली माणसं बघायला आली तशी मी गाडीखालीच शिरले, म्हणजे कुणाला दिसायला नको. ताई वरून म्हणाल्या, "बरं झालं, नाहीतर तुला खाली घालायला मला संध्याकाळ लागली असती."

बॅटरीची वायर सोडली, गाडी उचलून स्टँडवर टेकवली, पुढची चाकं काढली, ऑइल सोडलं. तेलाचा पत्र्याचा डबा अर्धा कापून खाली ठेवला होता. काळं ऑइल आलं आणि त्यात चमकी. ताईंनी दोन बोटांत घेऊन चोळली आणि मला दाखवली. "बघ, पीठ झालंय बेअरिंगचं." मग एकेक बोल्ट निघायला लागला आणि मला काळजी वाटायला लागली की ह्यांची सरमिसळ होणार, कारण सगळे सारखेच दिसत होते आणि लांबीला मात्र वेगवेगळे. मी आतून चार कप्प्यांचा एक डबा आणला. ज्या भागाचे बोल्ट त्या भागाचा कप्पा. आधी निघालेले वरच्या कप्प्यात, शेवटी निघालेले तळच्या. परत लावताना डबा उलटा वाचत जायचं. ताईंनी तो डबा उचलून बघितला आणि म्हणाल्या, "तुला मी आधी पाहिली असती तर स्टोअरमध्ये घेतली असती."

गिअरबॉक्स इंजिनपासून सुटायला तयार नव्हता. आम्ही दोघी खाली उताण्या, शेजारी शेजारी. इंजिनाखाली फळी आणि टेकू, गिअरबॉक्सखाली जॅक, जॅकवर माझ्या सासूबाईंनी जुन्या साड्यांची शिवलेली गोधडी. त्या गोधडीचा डाग अजून गेला नाही, आणि आता मीही घालवायचा प्रयत्न करत नाही. दम लागला म्हणून आम्ही तशाच पडून राहिलो. गाडीखाली पडलं की एकमेकींकडे बघायचं नसतं, दोघींची तोंडं वर लोखंडाकडे. त्यामुळे असेल, मी बोलायला लागले. म्हटलं, "ताई, मला गाडी चालवायची भीती अपघाताची नाही वाटत. लोक बघतील ह्याची वाटते. चौकात गाडी बंद पडली आणि मागच्याने हॉर्न दिला की मला तिथेच उतरून पळून जावंसं वाटेल." ताई हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला काय कमी वाटते? मी खिडकीच्या मागे बसते, म्हणून तुला धीट दिसते. फिटर खिडकीपर्यंत येतो, मी खिडकीबाहेर जात नाही. बेअरिंग कुठे बसतं ते बघायला फॅक्टरीत आत जायला मला कुणी नको म्हटलं होतं का? चाळीस पुरुषांच्या मधून चालत जायचं, म्हणून नाही गेले." थोड्या वेळाने म्हणाल्या, "गाडीलाही खिडकी असते मंदा. तू तिच्या आत बसणार आहेस."

मग म्हणाल्या, "चल, हलव. पाळण्यासारखं हलव. पण सरळ मागे, खाली नाही, लोंबू द्यायचा नाही." मी हलवत राहिले, त्या ओढत राहिल्या. आणि एकदम गिअरबॉक्स आपणहून मोकळा झाला आणि गोधडीवर येऊन बसला. आम्ही दोघी एकदमच ओरडलो. ओट्यावरची माणसं टाळ्या वाजवायला लागली. मी लवकर बाहेर आलेच नाही.

संध्याकाळी बदामाखाली तो उघडला. शाफ्टच्या, म्हणजे आतल्या दांड्याच्या, दोन टोकांची जुनी दोन्ही बेअरिंगं पुलरने काढली. ताईंनी एक बोटात धरून फिरवलं, खरखर, खरखर. मला दिलं. "हाच आवाज आपण महिनाभर ऐकत होतो." शाफ्ट पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आमच्या फ्रीजरमध्ये ठेवला, सुरमईच्या शेजारी. थंड झाला की जरासा आकसतो आणि बेअरिंग तापवलं की जरासं फुगतं, मग न ठोकता बसतं, असं फिटरने सांगितलं होतं. सकाळी ह्यांनी बर्फाला हात घातला आणि विचारलं, "हा कुठला मासा?"

तापवायचं तेलात. पण किती? ताई म्हणाल्या, "शंभरच्या वर, सव्वाशेच्या आत म्हणालाय. जास्त तापलं तर बेअरिंग वाया. मोजायचं कसं?" मी कढई ठेवली. पुरीचं तेल नको, ते फार होईल. चकलीचंही नको. शंकरपाळ्या सोडायच्या आधी मी कणकेची बारीक गोळी टाकून बघते. ती तळाशी बसून राहते, हळूहळू एकेक बुडबुडा सोडते, वर येत नाही. ते तेल अजून कच्चं असतं, शंकरपाळ्यांना आणखी थोडं थांबावं लागतं. म्हटलं, ताई, आपल्याला इथेच थांबायचंय. गॅस बारीक केला. बेअरिंग तारेला बांधून तेलात सोडलं, तळाला टेकू दिलं नाही. ताई माझ्या खांद्यावरून कढईत बघत होत्या. "ह्याला पाक लागतो का गं?" म्हणाल्या. मग ह्यांनी फ्रीजरमधून शाफ्ट आणून उभा धरला, मी चिमट्याने बेअरिंग उचललं, ताईंनी जाड हातमोज्यात घेतलं आणि वर ठेवलं. ठोकणं नाही, दाबणं नाही. साबण लावलेल्या हातात बांगडी सरकावी तसं ते खाली गेलं आणि बसलं.

ताईंनी हातमोजेही काढले नाहीत. किती वेळ तरी बघत उभ्या राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "हं... इथे बसतं होय."

दुसरंही तसंच बसलं. आता फक्त सगळं परत जोडायचं. ताईंनी ओट्यावरचा बोल्टचा डबा उघडला. वरच्या कप्प्यात मटकीची उसळ. खाली भात. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि तेवढ्यात फोन वाजला. सिमेंट फॅक्टरीतले कदम, साताऱ्याकडचे, माझे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. गाडी उघडलेली, आणि रविवारी ह्यांची एकच फेरी, म्हणून त्या दिवशीचे डबे आमचे हे सकाळीच बसमधून देऊन आले होते, आणि ओट्यावरचे सगळे डबे सारखेच.

"वहिनी, आज कुठला उपास आहे?"

"का हो?"

"नाही, वरच्या कप्प्यात वॉशरची कोशिंबीर आहे. खाली बोल्टचा भात. आमटी कुठाय ते सापडेना."

ताईंनी माझ्या हातातून फोन ओढला. "कदम! हात लावू नका. आहे तसं झाकण लावा आणि ठेवून द्या. कप्पे हलवू नका."

"धुतला की ताई."

"काय धुतला?"

"डबा. वहिनी म्हणतात ना, धुऊन पाठवत जा. बोल्टसुद्धा धुतले, लई ग्रीस होतं. साबण लावून चकाचक केलेत."

ताईंनी गाडीच्या बॉनेटवर डोकं टेकवलं.

डबा संध्याकाळी परत आला. आरशासारखा चमकत होता. सगळे बोल्ट एकाच पिशवीत, आणि तळच्या कप्प्यात खजूर. रिकामा डबा कसा परत द्यायचा म्हणून. बिचाऱ्यांनी त्या दिवशी दुपारी बाहेरून खुबूस, म्हणजे इकडची रोटी, आणून खाल्लं होतं. त्यांना रागवायचं तरी कसं?

पण ताईंचा धीर सुटला तो तेव्हाच. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर आतून कव्हर फुटतं, मग ते कुठे मिळायचं. सोमवारी त्या ड्यूटीवर गेल्या, मंगळवारी गेल्या, गिअरबॉक्स चादरीखाली झाकलेला. डबे बसमधून जात होते, उशिरा पोचत होते. दोन गिऱ्हाईकांनी मेस लावली. ह्यांनी एकदा जेवताना माझ्या तिकिटाचा विषय काढला, हळूच, ताटाकडे बघत. मी बाहेर येऊन बदामाखाली बसले. चादर काढली आणि नुसतं हाताला काम हवं म्हणून एकेक बोल्ट एकेका भोकात ठेवायला लागले, न फिरवता, पंगतीला माणसं बसवावी तसे. काही ताठ उभे राहिले, काही आत बुडाले. जो जास्त वर राहिला तो उचलून दुसरीकडे बसवला. ताई ड्यूटीवरून आल्या, पर्स खांद्यालाच, आणि बघत उभ्या राहिल्या. मग पर्स खाली ठेवून माझ्यासमोर बसल्या. "सगळ्यांची मान सारखीच वर दिसली पाहिजे. बरोबर. हा उंच आहे, ह्याला मागे घाल." अंधार पडायच्या आत सगळी पंगत एका उंचीची झाली. ताईंनी कदमांच्या खजुरातला एक माझ्या तोंडात घातला.

परत चढवायला मात्र आमचे हे आले. दोन बायका म्हणून हसणारे स्वतः बनियनवर गोधडीशेजारी आडवे झाले आणि "यल्ला, उचला" म्हणून ओरडायला लागले. शुक्रवारी दुपारी ताईंनी किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः शेजारी जाऊन बसल्या. "तू चालव. मला आवाज ऐकायचाय. चालवताना नीट ऐकू येत नाही." ते खोटं होतं, हे मला तेव्हाही कळलं. मी फाटकातून बाहेर काढली. पहिल्या गोल चौकात बंद पडली. मागच्याने हॉर्न दिला. ताईंनी मागे वळूनही पाहिलं नाही, गिअरच्या दांड्याशी कान लावून वाकल्या होत्या. "सावकाश. मी ऐकतेय." मी पुन्हा चालू केली. खाडीकाठच्या रस्त्यापर्यंत गेलो, तिथे उभी केली, क्लच दाबला, सोडला. मी म्हटलं, "ताई, काहीच येत नाही." त्या सरळ बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "बेअरिंग नीट असलं की असाच येतो." आणि मग, "खलास. झालं काम."

घरी आल्यावर मी बेअरिंगचे पैसे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी परत सरकवले. "आमच्या स्टोअरची पद्धत आहे. नवीन माल घेतला की तो चालवून बघायचा, मगच बिल पास. एक वर्ष चालू दे. पुढच्या वर्षी पासिंगला गाडी पास झाली की दे. नाही झाली तर मी माझं बिल स्वतः नापास करीन." "आणि गाडीचे?" "गाडी भंगार होती. भंगाराचे पैसे बेअरिंगवाल्याकडून घेत नाहीत." गाडी त्यांनी माझ्या नावावर करून दिली. मार्चमध्ये विमानतळावर मीच सोडायला गेले, हे मागच्या सीटवर. जुन्या बेअरिंगांपैकी एक ताईंनी पर्समध्ये टाकलं, एक मला ठेवायला दिलं. ते माझ्या ओट्याच्या खिडकीत आहे. आणि दर शुक्रवारी फोन. त्या सांगलीत, मी भिंतीच्या सावलीत. "हं, ऐकव."

एवढं लिहून कागद तसेच पडले होते. आज पुढचं लिहिते.

मध्ये अशोकदादांचा फोन आला होता. ताईंची खोली आवरत होते. म्हणाले, "तिच्या खिडकीत एक लोखंडी रिंग आहे वहिनी, फिरवली की खरखरते. टाकून द्यायची का?" मी "नको" म्हटलं. इतक्या मोठ्याने म्हटलं की माझी मीच दचकले. मग हे सगळं लिहिलेलं होतं ते समोर घेऊन त्यांना फोनवर वाचून दाखवलं, अडखळत, माझंच अक्षर मला लागेना. कढईपर्यंत आले तेव्हा ते हसले. बोल्ट धुतले तिथे त्यांच्या घरचे सगळेच हसत होते, म्हणजे फोन स्पीकरवर होता. मला ठाऊक असतं तर मी एक अक्षर वाचलं नसतं.

आज सकाळी गाडी पासिंगला नेली. एकटीने. रांगेत मागेपुढे सगळे पुरुष, मी काच वर करून माझ्या खिडकीच्या आत बसले होते. तपासणाऱ्या पोराने गाडी चालवून पाहिली, खाली वाकून पाहिली, कागद दिला. पास. तिथून तशीच एक्स्चेंजला गेले आणि तीनशे चाळीस दिरहम सांगलीला अशोकदादांच्या नावावर पाठवले. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "बहनजी, किस चीज का पैसा लिखूँ?" एरवी मी मान खाली घातली असती. म्हटलं, "बेअरिंग का. एक साल चला. आज पास हो गया." त्याने काय लिहिलं कोण जाणे.

आणि आज शुक्रवार. भिंतीच्या सावलीत गाडी उभी करून किती वेळ फोन हातात धरून बसले होते... मग लावला, त्याच नंबरवर. अशोकदादांनी उचलला. मी काही म्हणायच्या आत तेच म्हणाले, "हं वहिनी, ऐकवा."

मी फोन दांड्याजवळ धरला. क्लच दाबला. सोडला. पुन्हा दाबला, सोडला. मग कानाला लावला.

"काहीच येत नाही की हो," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "असाच असतो."

मागे खरखर, खरखर असा बारीक आवाज येत होता. त्यांच्या हातात काय होतं ते मला सांगावं लागलं नाही.

"मग पास," ते म्हणाले. "आणि वहिनी, पैसे पोचले. पूर्ण पोचले."